लाखेनं बसवलेली मूठ

मोटारसायकलच्या मुठी बदलायला अक्कल लागत नाही. जुनी काढायची, नवी घालायची. उजवी मूठ सकाळी चहा व्हायच्या आत निघाली. रबराखाली पेचकस सरकवला, साबणाचं पाणी सोडलं, पिळली, आली हातात. डावी मात्र दुपार होत आली तरी जागची हलली नाही.

साबण झाला, पेट्रोल झालं. दोन्ही हातांनी पिळली. चाकाला पाय लावून ओढली, तर अख्खी गाडी माझ्याकडे आली, मूठ आली नाही. तेव्हा ध्यानात आलं. ही भागरतानं बसवली आहे.

भागरता माझी बायको. उन्हाळ्यात गेली.

मुठी बदलायचं कारण ममता. ती आमची एकुलती पोरगी, देवरीला दिली आहे. अंगणवाडीच्या कामावर आहे, या गावाहून त्या गावाला फिरते. आज संध्याकाळच्या बसनं येणार आणि उद्या गाडी घेऊन जाणार. माझे हात आता कापतात. कप बशीत वाजतो. ममतानं फोनवर सरळ सांगितलं, "बाबा, तुमी आता गाडी चालवू नका. मले द्या. पन मुठी बदलून ठेवा, रबर फाटून गेलं हाय. हायवेवर ट्रकच ट्रक राहतात." बरोबर बोलली. चालत्या गाडीवर मूठ हातातून सटकली की माणूस रस्त्यावर. म्हणून आज दोन्ही मुठी घट्ट बसल्या पाहिजेत.

फक्त एवढं आहे की भागरतानं बसवलेली मूठ या घरात आजपर्यंत कोणी काढली नव्हती. काढायची वेळच येत नसे. मी पायरीवर बसलो आणि त्या मुठीकडे पाहत राहिलो. लोक म्हणतात, रडून घे गा, मोकळा होशील. रडू येत नाही. पाहता येतं, तेवढं पाहतो.

भागरता देवरीकडच्या जंगलातल्या गावची. तिचा बाप पळसाच्या आणि कुसुमाच्या झाडावरची लाख काढायचा. फांदीला खरूज झाल्यासारखी ती लाख धरते. ती खरवडायची, कुटायची, धुवायची, मग वितळवायची. बाजारात जायची ती जायची. घरात उरली तिनं विळ्याकोयत्याच्या मुठी बसवायच्या. लाकडी मुठीच्या भोकात लाख भरायची, विळ्याचं शेपूट तापवून आत घुसवायचं. लाख पाघळते आणि थंडी झाली की दगड. हे काम बापानं तिला शिकवलं, भावाला नाही, कारण भावाला घाई असायची.

लग्न होऊन आली तेव्हा भांड्यांसोबत लाखेचा एक गोळा फडक्यात बांधून आणला. माझ्या मायला वाटलं गूळ आहे. मायनं जिभेला लावून पाहिला.

"काय आनलं वो हे? गोड नाई, खारट नाई."

भागरता नवी नवरी, डोक्यावर पदर. तरी म्हणाली, "खाऊ नका माय. दात चिटकतीन."

माय पुढं बरीच वर्षं हे गल्लीभर सांगायची. आधी तक्रार म्हणून, नंतर कौतुकानं.

ठेंगणी होती. रंग काळा, हात बाईमाणसाच्या मानानं मोठे. उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग, तिथं केस उगवत नसत आणि तिला चटकाही कळत नसे. मी राइस मिलमध्ये पोती वाहायचो, ती घरी बिड्या वळायची. बोलणं कमी. तिची एकच खोड होती. कोणतीही वस्तू हातात आली की आधी हलवून पाहायची. पाट, खाट, दाराची कडी, पळीचा दांडा. हलली की विचारायची, "हालते काऊन?" मला नाही, त्या वस्तूला. जसं काही वस्तू उत्तर देणार. आणि मग ती हलायची थांबेपर्यंत भागरताला चैन नसे. पाचर मारायची, चिंधी गुंडाळायची, नाहीतर लाख लावायची.

धान कापणीच्या दिवसांत फुलचूरच्या आमच्या दारात विळे घेऊन बाया यायच्या. शहर जवळ आलं, घरं सिमेंटची झाली, तरी शेतं होतीच आणि विळे ढिले होत होतेच. भागरता विळा घ्यायची, हलवायची आणि बाईचं तोंड पाहायची.

"हा विळा होय का कानकोरनं?"

"बसवून दे ना वो भागरता. हात सोलून राहिला."

"हात सोलून राहिला तं कापनीच्या आंधी आनाचा होता. आता कापनी अर्धी झाल्यावर आनून राहिली."

बोलायची आणि बसवून द्यायची. बसवली की खाली ठेवायची नाही. दोन्ही हातांत धरून बसायची, मुठीवर मूठ आवळून, लाख थंडी होईपर्यंत. तेव्हा बोलायची नाही. कोणी बोललं तर डोळे मोठे करून गप करायची. समोरची बाई पण मग गप बसायची. एकदा मी म्हटलं, "एवढं कायले धरून बसतं वो? खाली ठेव, होते आपोआप थंडी."

सगळं होईपर्यंत बोलली नाही. मग विळा बाईच्या हातात दिला आणि मला म्हणाली, "थंडी तं होते. पन सरकते. मंग जलमभर हालते."

ममताचं लग्न ठरलं ते असंच. आमच्याकडे पोराकडचे येऊन पोरगी पाहून गेले की पोरीकडच्यांनी घर पाहायला जायचं असतं. आम्ही देवरीला गेलो. त्यांनी अंगणात खाट टाकली, वर नवी चादर. मी, भागरता आणि माझा साळा असे बसलो. खाटेचा एक पाय अधांतरी होता. आम्ही बसलो की टक, उठलो की टक. माझा साळा शेतीचं विचारत होता, धान किती होते, बोडीत, म्हणजे शेताच्या तळ्यात, पाणी राहते का. भागरता ऐकत नव्हती. तिचा हात खाटेच्या पाटीवर होता. टक. टक. मी तिला कोपर मारलं. तिनं मला मारलं.

"हालते काऊन?" म्हणालीच शेवटी. मोठ्यानं.

पोराची माय लाजली. "जमीनच तशी हाय जी. खाट चांगली हाय."

"जमीन हालत नाई. खाट हालते."

माझा साळा बोडीवरच थांबला. तेव्हा पोरगा उठला. आतापर्यंत मान खाली घालून होता. घरामागं गेला, लाकडाची एक चपटी घेऊन आला, आम्हाला उठवलं आणि पायाखाली सारली. स्वतः बसून पाहिलं. टक. चपटी काढली, कुऱ्हाडीनं थोडी छिलली, परत सारली, परत बसून पाहिलं. आवाज नाही. मग आम्हाला म्हणाला, "बसा."

निघताना रस्त्यावर भागरता म्हणाली, "देऊन टाका पोरगी."

"अवो, घर आतून पायलं नाई. शेतीचं पुरतं आयकलं नाई."

"दुसऱ्या खेपेले बी बसून पायते थो. अजून काय पायजे तुमाले?"

माझा साळा घरापर्यंत तिला हसत होता. पोरगी दिली. चांगली नांदते. जावई अजून तसाच आहे, बोलत नाही, बसून पाहतो.

आता या मुठीचं. काही वर्षांपूर्वी गाडीच्या दोन्ही मुठी ढिल्या झाल्या, हातात गोल फिरायला लागल्या. मी गोंदियाहून नव्या आणल्या. दुकानदार ग्रिप म्हणतो. भागरतानं पाहिल्या आणि विचारलं, "मूठ होय ना?"

"होय."

"मंग मी बसवतो," म्हणाली.

"गाडीची मूठ होय वो. पेट्रोल लावून घालतात. पेट्रोल उडून जाते, रबर धरते."

"उडून जाते थे काय धरनार?"

मी म्हटलं गाडीजवळ निखारा आणशील तर आपण दोघं गाडीसकट उडून जाऊ. ती म्हणाली निखारा लागत नाही, उकळत्या पाण्यात लाख नरम येते. पाणी उकळलं. लाख कणकेसारखी नरम केली, दोन्हीकडच्या नळीवर थापली, गरम पाण्यात बुडवलेल्या मुठी वरून चढवल्या. डावी तिनं धरली, उजवी मला धरायला लावली. दोघं गाडीच्या दोन बाजूंना हँडल धरून उभे. समोरून वामन चालला होता. हा आमचा शेजारी, रेल्वेत गँगमन होता, सगळ्यात तोंड घालतो. म्हणाला, "काय गा, गाडी वाटून घेऊन राहिले का?" भागरतानं डोळे मोठे केले. तोही गप उभा राहिला. काय करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली. इंजिन सुरू, पण रेस देता येईना. उजवी मूठ दगडासारखी. माझ्या डोक्यात उजेड पडला, पण उशिरा. उजव्या हाताची मूठ ज्या नळीवर बसते ती नळीच फिरते आणि तिनं तार ओढली की गाडी पळते. लाख पाघळून नळीच्या आत गेली होती. सगळं एकजीव झालं होतं.

गाडी ढकलत गोंदियाला मिस्त्रीकडे नेली. भागरता सोबत आली, कारण काम तिचं होतं. मिस्त्रीनं मूठ पिळून पाहिली. परत पिळली.

"काका, ये हिलता क्यों नहीं?"

मी तोंड उघडायच्या आत भागरता म्हणाली, "हिलने के लिए नहीं बिठाया."

मिस्त्री पाना खाली ठेवून हसायला लागला. बाजूच्या दुकानातली माणसं आली. त्याला सांगता येईना, हसूच थांबेना. डोळे पुसून म्हणाला, "अम्मा, ये वाला हिलना ही चाहिए! नहीं हिलेगा तो गाडी चलेगी कैसे?"

भागरता हसली नाही, रागावलीही नाही. त्याच्या हाताकडे पाहत उभी राहिली. त्यानं दुसऱ्या एका गाडीची मूठ फिरवून तिला दाखवली. तिनं स्वतः फिरवून पाहिली, सोडली, मूठ आपली आपण मागं आली. परत फिरवली. आयुष्यभर जी वस्तू हलली ती बिघडली असं धरून चालली होती.

परत येताना मागं बसली होती. फुलचूर आलं तेव्हा म्हणाली, "हालाची मूठ बी असते, हे कोनी सांगतलं नोयतं मले."

त्या दिवसापासून ठरलं. उजवीकडं पेट्रोल, डावीकडं लाख. डावी तेव्हाची तशीच होती. रबर झिजलं, फाटलं, पण नळीवरून केसभर फिरली नाही.

तर आज ती कापायची होती. मी पायरीवर बसलेला पाहून वामन आला.

"झालं का?"

"एक झाली."

त्यानं डावी मूठ पिळली, तोंड वाकडं केलं. "भागरतावैनीची दिसते."

"होय."

"ब्लेड मार. अन् आतली लाख कानशीनं घासून साफ कर. लोखंड चकाचक कर. मंग नवीन घाल. असं सोडलं तं नवी बसत नाई."

कानस आणून दिली त्यानं. माणूस वाईट नाही. तो गेल्यावर मी ब्लेडनं रबर उभं चिरलं. सालासारखं निघालं. फेकून दिलं. खाली लाख होती, काळपट लाल, नळीभर. तिच्यावर रबराच्या आतल्या रेघा उमटल्या होत्या. तिची बोटं वगैरे कुठं नव्हती. मी पाहिलं.

कानस हातात घेतली. लावली एकदा. लाल भुकटी पडली थोडी फरशीवर. मग ठेवून दिली. मनात काही आलं नाही, उगाच काही सांगत नाही. एवढंच वाटलं की चांगली लाख आहे, कायला फेकायची. नवी कुठून आणू? तिचा गोळा संपला होता आणि तिचा बापही नाही आता.

पाणी उकळायला ठेवलं. तिच्यानंतर चुलीवर नाही, गॅसवर. जुन्या धोतराची पट्टी बुडवून, चिमट्यानं उचलून नळीवर गुंडाळली. गार झाली की परत. परत. हात कापतात म्हणून अर्धं पाणी पायावर. लाख लवकर ऐकत नव्हती. मग तिचा वास सुटला. घरात बऱ्याच महिन्यांत तो वास आला नव्हता. नखानं दाबून पाहिली, नरम आली होती. नवी मूठ गरम पाण्यात टाकली होती, ती काढली, सारली. अर्ध्यावर अडकली. छातीचा भार देऊन ढकलली. बसली.

मग धरून उभा राहिलो. दोन्ही हातांनी.

दवाखान्यात होती तेव्हा डॉक्टरनं रोगाचं नाव सांगितलं होतं, ध्यानात राहिलं नाही. सलाइनचा खांब डोक्याशी होता. तिनं पहिल्याच दिवशी हात लावून हलवून पाहिला. सिस्टर म्हणाली, "आजी, हलू नका, सुई निघेल."

"मी नाई हालत बाई. तुमचा खांब हालते."

औषधाच्या डब्याचा पुठ्ठा मला दुमडायला लावला आणि खांबाखाली घालायला लावला. घातला. परत हलवून पाहिला तिनं. मग डोळे मिटले.

शेवटी शेवटी तिला पाणी मीच पाजायचो. एका दुपारी पेला तिच्या दाताला लागून वाजायला लागला. माझा हात. तेव्हापासून जास्तच कापतो. तिनं पेल्याकडे पाहिलं, मग हाताकडे.

"हालते काऊन?"

पेला बाजूला ठेवायला लावला तिनं आणि माझा उजवा हात दोन्ही हातांत घेतला. सुई असलेल्या हातानंसुद्धा. मूठ बसवल्यावर धरायची तसा धरला, आवळून. ताकद नव्हती, पण धरायची रीत तीच. मी म्हटलं, "सोड वो, सुई हाय." तिनं डोळे मोठे केले. बाजूच्या खाटेवरच्या पेशंटकडची माणसं जेवत होती, त्यांची भांडी वाजत होती. बराच वेळ गेला. हात थांबला नाही.

मग सोडला तिनं. ओठ थोडे हसल्यासारखे झाले.

"हालाचीच मूठ दिसते तुमची," म्हणाली.

त्यानंतर ती माझ्याशी काही बोलल्याचं मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली चहा प्यायला गेलो होतो. वर आलो तर सिस्टर दारातच थांबली होती. तेरवीच्या मांडवाचा एक बांबू हलत होता. दिवसभर लोक आले, जेवले, गेले, बांबू हलत होता. कोणी काही म्हटलं नाही.

अंगणात ऊन उतरलं तेव्हा फाटकाची कडी वाजली. ममता आली. बॅग खांद्यावर, तोंडावर बांधलेला रुमाल सोडत होती. मला गाडीजवळ तसा उभा पाहिला आणि फाटकाशीच थांबली. वास तिलाही आला असेल.

"कोनती लाख लावली बाबा?"

मी डोळ्यानं गप केलं. तिनं बॅग खाली ठेवली. जवळ आली, मुठीच्या बाजूला नळीला बोट लावून पाहिलं.

"थंडी झाली न. सोडा आता."

माझा हात कापत होता, ते तिला दिसत होतं. मुठीला ते पोचत होतं का नाही, मला कळत नव्हतं. तिनं माझ्या हातांवर आपले दोन्ही हात ठेवले आणि आवळले.

"थांब जरा," म्हटलं. "सरकते."